नाखव्याच्या रक्तातली गाबोळी

गोचीड दुसऱ्याच्या रक्तावर जगते आणि मी गोचिडीवर जगले. हे वाक्य मी एकदा पाहुण्यांसमोर म्हटलं तेव्हा सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला होता. सून 'लॅबमध्ये' आहे, एवढंच त्यांनी नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं. कसली लॅब आणि कोणाचं रक्त, हे विचारायची वेळ कोणावर येऊ नये अशी त्यांची मनापासून इच्छा. पण कणकवलीहून आलेले मामेसासरे पडले सरळ माणूस. त्यांनी विचारलंच, "म्हणजे कुत्र्यांचा रगात तपासतंस?" मी हो म्हटलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरा आसा. कुत्रो निदान उलट बोलाचो नाय."

ते खरंच होतं. मी आधी माणसांच्या लॅबमध्ये होते. दिवसभर साखर आणि लघवी, आणि सुई टोचण्याआधी प्रत्येकाचा एकच प्रश्न, तुम्ही नवीन आहात का हो? कुत्रा चावतो, पण असं काही विचारत नाही. मालाडला मार्वे रोडला लागून डॉ. नाडकर्णींचा जनावरांचा दवाखाना होता. पुढे तपासायचं टेबल आणि बाकडी, मागे पडद्याआड माझी खोली. खोलीत मायक्रोस्कोप, रंगांच्या बाटल्या, एक मोरी आणि एक खिडकी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिथे मी आले ती घरापासून जवळ म्हणून, आणि राहिले ती काम आवडलं म्हणून.

काम समजायला सोपं आहे. गोचीड कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली चिकटते आणि रक्त पिते. पिता पिता तिच्या तोंडातले जंतू कुत्र्याच्या रक्तात उतरतात. ते पांढऱ्या पेशींत शिरून तिथेच बिऱ्हाड करतात. कुत्र्याला ताप भरतो, तो खाणं सोडतो, कोपरा धरून बसतो. रक्त थांबवायला ज्या प्लेटलेट लागतात त्या कमी होत जातात, आणि मग एक दिवस शिंकता शिंकता नाकातून रक्त येतं. मालक धावत येतो तो तेव्हा. आम्ही याला साधं 'गोचीडताप' म्हणायचो. वेळेवर कळला तर टेट्रासायक्लिनने कुत्रा बरा होतो. हीच कॅप्सूल त्या काळी माणसांनाही सर्रास देत, गळू झालं दे, खोकला झाला दे. उशिरा कळला तर मात्र काही चालत नाही.

तो कळायचा कसा? आता म्हणे तयार किट मिळतात, थेंब टाकला की रेघ उमटते. आमच्याकडे रेघ नव्हती, डोळे होते. कुत्र्याच्या कानाच्या कडेला बारीक टोच मारायची, कारण तिथल्या बारीक नसांत जंतू शिरलेल्या पेशी रेंगाळतात. पहिला थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या धारेने पातळ पसरायचा, वाळवायचा, अल्कोहोलमध्ये पक्का करायचा आणि जांभळ्या रंगात ठेवायचा. मग धुऊन, वर तेलाचा थेंब टाकून, सर्वांत मोठं भिंग त्या तेलात टेकवायचं आणि बसायचं. शेकडो पेशी डोळ्यांखालून जातात तेव्हा एखादीच्या पोटात जंतूंचा गोळा दिसतो, निळसर जांभळा, दाणेदार. इंग्रजी पुस्तकात त्याला तुतीच्या फळाची उपमा दिली होती. मी तोवर तुती पाहिलेली नव्हती, त्यामुळे उपमा फुकट गेली.

या धंद्यातला मोठा शत्रू म्हणजे रंगाचा गाळ. रंग नीट गाळला नाही तर काचेवर कण बसतात आणि हुबेहूब जंतूंसारखे दिसतात. नवशिक्याला पहिल्या महिन्यात अख्ख्या मुंबईच्या कुत्र्यांना गोचीडताप झालेला दिसतो. मलाही दिसला होता. डॉक्टर शांतपणे भिंगातून बघायचे, काच पुसायचे आणि दुसरी करायला सांगायचे. त्यांचा एकच नियम होता. जे दिसलं ते 'दिसलं' म्हणून लिहायचं, आणि नाही दिसलं तर 'दिसलं नाही' एवढंच लिहायचं, 'रोग नाही' असं कधी लिहायचं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. अंधेरीच्या एक बाई पांढरंशुभ्र पॉमेरेनियन घेऊन यायच्या, स्वीटी नावाचं. त्याच्या रक्तात मला जंतू दिसले आणि डॉक्टरांनी गोचीडताप आहे म्हणून सांगितलं, तर बाई दुखावल्या. आम्ही चांगल्या सोसायटीत राहतो, म्हणाल्या. डॉक्टरांनी स्वीटीच्या पुढच्या पायाची बोटं फाकवून हरभऱ्याएवढी फुगलेली गोचीड काढली आणि त्यांच्यासमोर कापसावर ठेवली. बाईंनी ती बराच वेळ पाहिली. मग हळूच विचारलं, रिपोर्टात दुसरं काही लिहिता येईल का, म्हणजे एखादा परदेशी आजार वगैरे. डॉक्टर म्हणाले, या जंतूचं नाव लॅटिन आहे, तेच लिहितो. बाई खूश झाल्या.

सगळेच असे हसवून गेले नाहीत. घाटकोपरहून एक आजोबा आपला अल्सेशियन टॅक्सीने आणायचे. कोणीतरी त्याला कित्येक महिने लोहाचं टॉनिकच देत होतं. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या काचेवर एका पेशीत जंतू दिसले, पण तशा पेशीच फारशा उरल्या नव्हत्या. नवीन रक्त तयार करणारा कारखानाच आतून बंद पडला होता. मी काचेवरून डोळे उचलले तेव्हा तो कुत्रा पडद्याखालून नाक घालून माझ्याकडे बघत होता. तो गेला. त्याचा कान आधी कोणी एकदा टोचला असता तर, हे मला अजूनही वाटतं.

पण मला सांगायची आहे ती मनोरीच्या हिराबाईची गोष्ट. चाळीस वर्षांत मी किती काचा पाहिल्या त्याचा हिशेब नाही, पण एका काचेकडे अख्खा कोळीवाडा डोळे लावून बसलाय असं एकदाच झालं.

हिराबाई मनोरीची कोळीण. नवरा बोटीवर, आणि किनाऱ्यावरचा सगळा कारभार हिच्या हातात. बांबूच्या उंच मांडवांवर, त्यांना तिथे वलांड्या म्हणतात, बोंबील सुकत टाकायचे, राखायचे आणि बाजारात न्यायचे. तिचा कुत्रा लहानपणापासून होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, ऐटीत बसायचा, म्हणून त्याचं नाव नाखवा, म्हणजे बोटीचा मालक. एका सकाळी ती आणि तिची मुलगी वनिता या नाखव्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून, मनोरीहून होडीने मार्व्याला आणि तिथून रिक्षाने आमच्याकडे घेऊन आल्या. लुगड्यावर रक्ताचे डाग होते. नाकातून थेंब थेंब चालूच होतं.

डॉक्टरांनी आधी कान उलटे करून पाहिले, बोटं फाकवली. एक गोचीड नाही. एवढा स्वच्छ कुत्रा मी त्या दवाखान्यात पाहिला नव्हता, अंगाला कपड्यांच्या साबणाचा वास येत होता. डॉक्टरांनी विचारलं, याच्या अंगावर गोचिड्या असतात का? हिराबाईला तो अपमान वाटला. आमचा घरचा कुत्रा हाय, एवढंच ती बोलली. मग स्वतःच म्हणाली, "दागदर, याला इख घातलाय. मी माज्या डोल्यांनी बघितलाय."

विष घालणारी म्हणजे शेजारची चांगुणा. दोघींच्या घरांची मधली भिंत एक, वलांड्याही लागून. नाखव्याने मागे एकदा चांगुणाचे बोंबील ओढून खाल्ले होते, त्यावरून बोलाचाली झाली होती. आणि नाक फुटायच्या दोन दिवस आधी हिराबाईने पाहिलं की चांगुणा वलांडीआड उकिडवी बसून एका बोंबलाच्या पोटात काहीतरी भरतेय आणि तो बोंबील नाखव्याला चारतेय. हिराबाई जवळ जाताच ती लगबगीने उठून गेली.

डॉक्टर गंभीर झाले, कारण उंदराच्या एका विषाने अगदी असंच रक्त वाहतं. आता निदान व्हायचं ते माझ्या काचेवर. मी कान टोचला तर तेवढ्या टोचेतूनही रक्त थांबेना, बराच वेळ दाबून धरावं लागलं. काच रंगवली आणि बसले. प्लेटलेट अगदी विरळ होत्या. त्यावरून मला गोचीडतापाचा वास येत होता, पण एवढं रक्त गेल्यावर त्या तशाही कमी होऊ शकतात. ज्याने खात्री पटावी तो जंतूंचा गोळा काही दिसेना. दुसरी काच केली, तिसरी केली. काही नाही. मी लिहिलं, 'दिसलं नाही'.

डॉक्टरांनी मग शहाण्या माणसाने करावं तेच केलं. विषावरचा उतारा म्हणून व्हिटॅमिन के दिलं आणि गोचीडतापावर टेट्रासायक्लिनही सुरू केलं. दोन्ही बाजूंनी औषध दिलं म्हणजे कुत्रा वाचतो, पण आरोपी सुटत नाही. हिराबाईने ऐकलं ते इतकंच, की रक्तात आजार सापडला नाही आणि डॉक्टरने विषाचं इंजेक्शन दिलं. तिच्या दृष्टीने खटला संपला.

चार-पाच दिवसांनी वनिता पुढच्या गोळ्या न्यायला एकटीच आली. नाखवा उठून बसलाय, भात खातोय, म्हणाली. मग गोळ्यांची पुडी हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला आत बोलावून स्टुलावर बसवलं.

तिचं लग्न ठरलं होतं, पंधरवड्यावर आलं होतं. कोळ्यांच्या लग्नात भटजीच्याही आधी मान असतो तो धवलारणीचा. ही बाई धवले गाते. देवांना, गावदेवीला, गेलेल्या वाडवडलांना गाण्यातून लग्नाला बोलावते. जात्यावर हळद दळायला घेतात तिथपासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं. मनोरीच्या त्या वाड्यातली धवलारीण म्हणजे हीच चांगुणा. वनिताला अंगाखांद्यावर खेळवलेली, तिला अर्धे धवले शिकवलेली. आणि आता हिराबाईने जाहीर केलं होतं की ही बाई माझ्या मांडवात पाय ठेवणार नाही. दुसरी धवलारीण मिळेना, तर गाण्याशिवाय हळद दळू म्हणाली.

वनिताला तिच्या लग्नापेक्षाही काळजी होती ती या चांगुणाकाकीची. वाड्यात बायका बोलायला लागल्या होत्या. वनिता म्हणाली, "बाय, जिच्या हातानं कुत्र्याला इख, तिच्या हातानं नवरीला हलद कशी लावायची, असा बोलतान सगल्या. आमच्या घरानं नाय बोलावला तर तिला कोनीच बोलावनार नाय." आणि बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मी सहज विचारलं होतं की कुत्रा एवढा स्वच्छ कसा. तर म्हणाली, मुंबईच्या डॉक्टरकडे न्यायचा, तर घाणेरडा कसा न्यायचा? आदल्या संध्याकाळी दोघी मायलेकींनी बसून त्याच्या अंगावरच्या सगळ्या गोचिड्या वेचून रॉकेलच्या डब्यात टाकल्या होत्या आणि त्याला साबणाने घासून आंघोळ घातली होती.

मी कपाळाला हात लावला. चार पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसा त्यांनी पुरावा आवरला होता.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, औषध सुरू आहे, दिसण्याची आशा कमी, तरी रविवारी जाऊन पुन्हा रक्त घेऊन या, पण परबबाई, निकाल आधी ठरवून जाऊ नका. मी मार्व्याहून होडीने गेले. नाखवा ओट्यावर पडला होता, मला पाहून शेपटी हलवली आणि कान मात्र मागे घेतले. त्याचं रक्त घेतलं. हिराबाईने चहा दिला, पण विषय काढू दिला नाही.

परत निघाले ती वलांड्यांमधून. एका वलांडीखाली एक लाल कुत्री, वाड्यातली लाली, पडली होती, बरगड्या दिसणारी. कानाच्या आत बघितलं तर गोचिड्या दाटीवाटीने बसलेल्या. ही आजारी आहे, हे सांगायला मायक्रोस्कोप लागत नव्हता. मी वाकून तिचा कान बघत असताना मागून आवाज आला, "तिच्यासाटी उरल्या नाय."

चांगुणा होती ती. पन्नाशीची, हाडापेराने मोठी, आवाज मात्र गोड. इकडेतिकडे बघून तिने कमरेच्या पिशवीतून कॅप्सूलची एक रिकामी पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. पट्टीवरचं नाव मी वाचलं. टेट्रासायक्लिन. तिच्या भावाला मांडीवर गळू झालं होतं तेव्हाच्या उरलेल्या. नाखवा तापाने फणफणलेला तिने पाहिला, हिराबाई बोटीच्या आणि लग्नाच्या गडबडीत होती, आणि बोंबलाच्या भांडणानंतर दोघींचं बोलणं बंद होतं. म्हणून हिने गुपचूप बोंबलाच्या पोटात कॅप्सूल भरून त्याला चारल्या, दोन दिवस, होत्या तेवढ्या. आणि तिसऱ्या दिवशी त्याचं नाक फुटलं.

"बाय, खरा सांग," ती म्हणाली, "त्यानंच रगत आला काय? मीच मारत होती काय त्याला?"

ती गप्प का राहिली होती ते मला तेव्हा कळलं. हिराबाईचा आळ खोटा आहे हे तिला माहीतच होतं, पण तो अर्धा खरा असेल ही भीती तिला आतून खात होती. मी तिला समजावलं. रक्त येणारच होतं, आजार आधीपासून अंगात होता. जंतू मेले तरी प्लेटलेट भरून यायला दिवस लागतात, त्या भरायच्या आत नाक फुटलं एवढंच. त्या कॅप्सूलनी जंतू मारले, म्हणूनच मला काचेवर ते दिसले नाहीत. तुम्ही दिल्या नसत्या तर तो कुत्रा होडीत चढायलाही उरला नसता. तिने पदराने तोंड पुसलं, दोनदा पुसलं.

मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता हिराबाईला सांगू. तर ती जागची हलेना. "तिनं मना इचारला नाय. आळ घेतला आनि गावभर केला. आता मी तिच्या दारात जाऊन खुलासा देऊ काय? नाय. आनि तूपण सांगू नको." मी शब्द दिला. तो देताना माझ्या जिवावर आलं होतं, कारण चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि संन्यासीणच मला तोंड उघडू देत नव्हती.

पण त्या लाल कुत्रीबद्दल कोणी शब्द घेतला नव्हता. चांगुणाने तिचं तोंड धरलं, मी कान टोचला. सोमवारी सकाळी आधी रंग दोनदा गाळला, मगच काच रंगवली. नाखव्याची काच अपेक्षेप्रमाणे रिकामी. लाल कुत्रीची काच लावली, आणि फार शोधावंच लागलं नाही. एका पेशीत, मग पुढच्या एका पेशीत, दाणेदार, गच्च, निळसर जांभळे गोळे. खोटं कशाला सांगू, मी त्या खोलीत एकटीच हसले. एका मुक्या जिवाच्या अंगातला रोग पाहून हसणं बरं नव्हे, पण या कामात आनंदाचे क्षण असेच विचित्र वेळी येतात. डॉक्टर आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आहे." त्यांच्या तोंडून हे मिळालं म्हणजे पदक.

डॉक्टरांनी कागद लिहून दिला की त्याच वलांड्यांखालच्या कुत्रीला गोचीडताप आहे, नाखव्याला तोच झालेला असणं फार संभवतं. वनिता तो कागद आणि कुत्रीसाठी गोळ्या घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी आईचा निरोप घेऊन परत आली. मना कागद वाचता येत नाय, मना दाव. शिवाय ती कुत्री म्हणजे माझा नाखवा नाही.

मला राग यायला हवा होता. पण खरं म्हणजे मला ते पटलं. मी स्वतः तरी कोणाच्या सांगण्यावर 'आहे' म्हणते का? डॉक्टरांच्या कपाटात आरशावर चालणारा जुना पितळी मायक्रोस्कोप होता, त्याला वीज लागत नसे. तो टॉवेलात गुंडाळून करंडीत घातला, काच रुमालात बांधली आणि पुढच्या रविवारी पुन्हा होडीत बसले. होडीवाल्याने करंडीत काय आहे विचारलं. दुर्बीण म्हटल्यावर म्हणाला, मासे दिसतात का हिच्यातून? मी म्हटलं, बघू.

लग्न चार दिवसांवर आलं होतं. हिराबाईच्या अंगणात मांडवाच्या मेढी उभ्या होत्या आणि मधोमध धुऊन पुसून जातं मांडलेलं होतं, शेजारी सुपात हळकुंडं. गाण्याशिवायच दळायची ठरली होती. मायक्रोस्कोप ठेवायला हलणार नाही अशी जागा हवी होती. पाट डुगडुगत होता, टोपलं तर विचारूच नका. शेवटी मी हिराबाईला विचारून तो जात्यावरच ठेवला. आरसा आकाशाकडे वळवला, तेल टाकलं, पेशी शोधली आणि बाजूला झाले. तोवर अंगण बायकांनी भरलं होतं. चांगुणा आली नव्हती, म्हणजे अंगणात नव्हती. आपल्या ओट्यावर पाठ करून ती जाळं विणत बसली होती, आणि हात मात्र चालत नव्हते.

हिराबाईने आधी दोन्ही डोळे लावले, मग चुकीचा डोळा मिटला, मग कुंकू भिंगाला लागलं. मग ती एकदम स्थिर झाली. मी सांगत होते की मोठी फिकट पेशी आहे, तिच्या पोटात बघा. तिने मला हाताने गप्प केलं.

"ही तर गाबोळी," ती म्हणाली. "माशाच्या पोटात असते तशी. ह्या पोटात गाबोळी हाय."

इतकी वर्षं मी त्या परक्या तुतीला घेऊन बसले होते, आणि माशांच्या अंड्यांचा गच्च दाणेदार गोळा मी जन्मभर ताटात खाल्ला होता. मग सगळ्याच बायकांना गाबोळी बघायची होती. एकेक जण वाकत होती आणि मान डोलवत होती. रक्तात गाबोळी झाल्यावर जनावर कसं जगेल, यावर त्यांचं त्यांच्यातच एकमत झालं. मला काही समजवावंच लागलं नाही.

पण हिराबाई कच्ची नव्हती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, "ही लालीची. माज्या नाखव्याच्या रगतात गाबोळी कां नाय दिसली?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि उत्तरही माहीत होतं. मी शब्द दिलेला होता. मी रुमालाने भिंग पुसत राहिले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मला वाटलं, गेलं, सगळं मुसळ केरात.

"मी मारली ती," ओट्यावरून आवाज आला. चांगुणा उभी राहिली होती. "मी गोल्या घातल्या त्याला. बोंबलाच्या पोटातशी. दादाच्या गलवाच्या होत्या." तिने कमरेची पिशवी सोडली आणि ती रिकामी पट्टी वर धरली.

हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दागदर देतात त्याच गोळ्या, मी म्हटलं, आमच्या आधी यांनी दिल्या. नाखवा यांच्यामुळे होडीपर्यंत पोचला.

हिराबाईने ओट्याकडे तोंड केलं. "सांगायचा नाय काय मना?"

"तू इचारलास कवा?"

क्षमा मागणं तिच्या घराण्यात कोणाला येत नसावं. ती वळली ती माझ्याकडे. आवाज जरा चढवूनच, ओट्यापर्यंत पोचेल असा, ती म्हणाली, "बाय, तुजा ह्यो यंत्र उचल आता जात्यावरशी. आमच्या धवलारनीला हलद दलायला बसायचा हाय."

मी मायक्रोस्कोप दोन्ही हातांनी उचलून बाजूला झाले. चांगुणा सावकाश ओटा उतरली. तिने पदर खोचला, जात्यासमोर मांडी घातली, दगडावर सांडलेला तेलाचा थेंब बोटाने पुसला आणि मूठभर हळकुंडं हातात घेतली. वनिता तिच्याजवळ जाऊन बसली. गाणं सुरू करण्याआधी चांगुणाने वर न बघताच विचारलं, "नाखव्याला दुपारची गोली दिलीव काय?"

"तूच दे," हिराबाई म्हणाली. "माज्या हातची थुकतो तो. तुज्या हातची खातो."